कडप्प्यातला वड: हॉवर्ड हॉजकिनची दिल्लीतली भिंत

दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर ब्रिटिश कौन्सिलची इमारत आहे. लाल दगडाची, रस्त्याकडे भलीमोठी चौकट उघडून उभी असलेली. त्या चौकटीच्या आत, थोडी मागे सरलेली एक भिंत आहे आणि तिच्यावर मजले ओलांडत वर गेलेलं काहीतरी काळं-पांढरं पसरलेलं आहे. पहिल्या नजरेला ते झाड वाटतं, दुसऱ्या नजरेला झाडाची सावली. मग खोड शोधायला जावं तर ते कुठे सुरू होतं ते सापडत नाही. फांदी म्हणून धरलेला पट्टा मध्येच पान होतो आणि पान म्हणून धरलेला काळा डाग भिंतीतल्या एखाद्या मोकळ्या जागेपाशी येऊन थांबतो.

जवळ गेलं की मराठी माणसाला आधी दगड ओळखू येतो. तो कडप्पा आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याचा, चाळीतल्या मोरीचा, भिंतीतल्या फडताळाचा कडप्पा. आंध्रातल्या जिल्ह्यावरून नाव पडलेला हा काळा चुनखडक आहे. लिंबाचा थेंब पडून राहिला तर त्याच्यावर पांढरट डाग कायमचा उठतो, हे आपल्याकडे प्रत्येक घरात कुणीतरी कुणालातरी रागावून सांगितलेलं असतं. त्याच्या शेजारचा पांढरा दगड राजस्थानातल्या मकराण्याचा, ताजमहालाला लागलेला संगमरवर. दोन्ही दगड आपल्याच मातीतले, पण चित्र लंडनच्या हॉवर्ड हॉजकिनचं.

ही इमारत १९९२ साली उघडली. वास्तुरचना चार्ल्स कोरिया यांची. हॉजकिन तेव्हा साठ वर्षांचा होता आणि आधुनिक ब्रिटिश चित्रकलेतला रंगांचा सर्वांत मोठा जाणकार म्हणून त्याचं नाव घेतलं जात होतं. अशा माणसाने एवढी मोठी भिंत मिळाल्यावर एकही रंग का लावला नाही? शिवाय एकेका फळीवर पाच-पाच, आठ-आठ वर्षं पुन्हापुन्हा रंग चढवणाऱ्या चित्रकाराने, एकदा बसवला की बदलता न येणाऱ्या दगडात काम करायला होकार कसा दिला? या दोन प्रश्नांसाठी मी हे प्रकरण निवडलं आहे. त्यांची उत्तरं शोधताना हॉजकिनचं बहुतेक सगळं आयुष्य हाताला लागतं.

भिंतीच्या आधीचा माणूस

हॉजकिनचा जन्म ६ ऑगस्ट १९३२ चा, लंडनचा. घर सुखवस्तू, शिकलेलं. वडील मोठ्या रसायन कंपनीत अधिकारी आणि डोंगरी फुलझाडांचे नादी. ज्या डॉक्टरांच्या नावाने हॉजकिनचा आजार ओळखला जातो ते टॉमस हॉजकिन याच घराण्यातले. युद्ध सुरू झाल्यावर १९४० साली आई आणि बहिणीबरोबर त्याला अमेरिकेत पाठवलं गेलं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर तो १९४३ पर्यंत राहिला आणि तिथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्याने मातीस हा फ्रेंच चित्रकार पाहिला. परत आल्यावर नामांकित शाळांत त्याचं मन रमलं नाही, तो पळून गेला. चित्रकार व्हायचं हे मात्र लहानपणीच ठरलं होतं.

शाळेने एक गोष्ट दिली, आणि आपल्या दृष्टीने तीच महत्त्वाची. ईटनमधले चित्रकलेचे शिक्षक विल्फ्रिड ब्लंट यांनी मुलांना भारतीय लघुचित्रं दाखवली. तेव्हापासून हॉजकिनला त्या चित्रांनी जे धरलं ते आयुष्यभर सोडलं नाही. चौदा वर्षांचा असताना त्याने पहिलं भारतीय चित्र विकत घेतलं. पुढे या संग्रहात मुघल, राजपूत, पहाडी आणि दख्खनी चित्रं आली. हत्तींची तर एवढी की हत्ती हा संग्रहाचा स्वतंत्र विषय झाला. विजापूरचं एक चित्र त्यात होतं: दुसरा अली आदिलशहा वाघावर बाण सोडतो आहे. ज्याच्या दरबारातून अफजलखान निघाला तोच हा आदिलशहा. आपण बखरीतून आणि पोवाड्यातून ओळखतो तो शत्रू इथे गुलाबी-सोनेरी अंगरख्यात, एका नाजूक बाणाला सगळा जीव लावून उभा आहे, हे पाहताना मराठी वाचकाच्या मनात काहीतरी हलतं. हॉजकिनला त्या इतिहासाशी फारसं कर्तव्य नसावं. त्याचं लक्ष कडेची चौकट आत शिरणाऱ्या आकाराला कशी पेलते याकडे असणार, असं त्याची स्वतःची चित्रं पाहून मला वाटतं.

कॅम्बरवेल आणि मग बाथजवळच्या कॉर्शम इथल्या कलाशाळेत शिक्षण झालं. कॅम्बरवेलमध्ये असताना, १९४९ साली, त्याने एक छोटं चित्र केलं, ‘मेमॉयर्स’ नावाचं. सोफ्यावर पसरून बसलेली एक स्त्री काहीतरी सांगते आहे आणि एक तरुण ऐकतो आहे. प्रसंग लाँग आयलंडचा, चित्र मात्र नंतर आठवून काढलेलं. सगळ्या आकारांना जाड काळ्या रेषांचा वेढा आहे. वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास केलेल्या या चित्रात पुढचा अख्खा हॉजकिन बसलेला आहे: एक खासगी प्रसंग, त्यात एक सांगणारा आणि एक ऐकणारा, मध्ये गेलेला काळ, आणि प्रसंगाला कोंडून ठेवणारी जाड कड. दिल्लीच्या भिंतीवरचे काळे पट्टे अचानक कुठून आले असं विचारणाऱ्याने आधी हे चित्र पाहावं.

मग बरीच वर्षं शिकवण्यात गेली: चार्टरहाउस शाळा, कॉर्शम, चेल्सी. पहिलं एकल प्रदर्शन १९६२ साली, तिशीत. त्या काळात लंडनमध्ये पॉप कलेचा धडाका होता. हॉजकिनचं काम त्यातही बसत नव्हतं आणि निखळ अमूर्तवाल्यांतही बसत नव्हतं. कौतुक उशिरा आलं, पण आलं तेव्हा भरभरून आलं: १९८४ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात ब्रिटनचं दालन त्याला मिळालं, १९८५ साली ब्रिटिश कलेतलं टर्नर पारितोषिक, १९९२ साली ‘सर’ ही पदवी.

फळीवरची वर्षं

त्याच्या चित्रांच्या नावापुढे लिहिलेली सालं वाचणं हा स्वतंत्र अभ्यास आहे. ‘डिनर ॲट स्मिथ स्क्वेअर’ १९७५–७९. ‘मिसेस ॲक्टन इन दिल्ली’ १९६७–७१. ‘रेन’ १९८४–८९. ‘लव्हर्स’ १९८४–९२. चित्रं बहुतेक लहान, कॅनव्हासऐवजी लाकडावर. जुनी टेबलं, पाव कापायच्या फळ्या, मोडक्या आरशांच्या चौकटी, जे हाताला लागेल ते. रंग चौकटीवर चढतो, चौकट चित्राचाच भाग होते. लघुचित्राचा हाशिया, म्हणजे कडेची चौकट, मनात घोळवत वाढलेल्या माणसाला चित्र कुठे संपतं हा प्रश्न कायम महत्त्वाचा वाटला, यात नवल नाही.

त्याचा स्टुडिओ ब्रिटिश म्युझियमजवळ, पूर्वी दूधडेअरी असलेल्या इमारतीत होता. वर काचेचं छत. चालू असलेली चित्रं मोठ्या पांढऱ्या फलकांमागे झाकलेली असत. एका वेळी एकच उघडायचं, समोर बसायचं, पाहत राहायचं. कधी महिनोन्महिने हात लावायचा नाही आणि एखाद्या दिवशी दोन-चार फटकारे मारून पुन्हा झाकून ठेवायचं. १९८० च्या सुमारास त्याने तैलरंगात लवकर सुकणारं एक माध्यम मिसळायला सुरुवात केली. त्यामुळे खालचा थर न विरघळता वरचा थर पारदर्शक राहू लागला आणि फटकारे मोकळे, रुंद झाले. खालची वर्षं वरच्या क्षणातून दिसू लागली.

चित्रात असतं काय? कुणाच्या तरी घरचं जेवण, हॉटेलातली खोली, निरोप, मुंबईतला सूर्यास्त. ‘बॉम्बे सनसेट’ १९७२–७३ चं आहे. ‘फॉय निसेन्स बॉम्बे’ १९७५–७७ चं. फॉय निसेन हे मुंबईच्या जुन्या वास्तूंचे अभ्यासक आणि छायाचित्रकार. ‘फ्रॉम द हाउस ऑफ भूपेन खक्कर’ १९७५–७६ चं. खक्कर हेही चित्रकार, जन्माने मुंबईचे, पेशाने हिशेबनीस, राहायला बडोद्याला. या दोघांची मैत्री दीर्घ होती आणि खक्कर इंग्लंडला त्याच्याकडे राहूनही आले. पण या चित्रांत खक्करांचं घर शोधायला जाल तर फक्त रंगांचे डाग, ठिपके आणि पडद्यासारखे पट्टे सापडतील. पट्ट्यांमागे कुणीतरी आहे असं वाटत राहतं, पण हॉजकिन त्याला पुढे येऊ देत नाही.

माझ्या मते हॉजकिनचं मूळ काम हेच आहे. तो आडोसा रंगवतो. प्रसंग अगदी खरा असतो, माणसं खरी असतात, आणि चित्रकार त्यांच्यापुढे रंगाचा आडोसा उभा करतो. बंद दारामागचं हसणं बाहेर यावं तशी त्या आडोशातून आतली ऊब बाहेर येते. रंग हे त्या आडोशाचं कापड. कापड बदलता येतं, हे त्याने दिल्लीत दाखवलं.

कोरियांची मांडणी

चार्ल्स कोरिया यांचं मूळ गोव्याचं, जन्म १९३० चा सिकंदराबादचा, कर्मभूमी मुंबई. आपल्यापैकी कित्येकांनी त्यांच्या इमारती नाव माहीत नसताना वापरलेल्या असतात: दादरचं पोर्तुगीज चर्च, पणजीची कला अकादमी, बेलापूरची बैठी घरकुलं. इमारतीत चित्रकाराला जागा देणं त्यांना फार आवडायचं. कला अकादमीच्या प्रेक्षागृहात त्यांनी व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांना भिंती दिल्या. मारिओंनी तिथे खोटे सज्जे रंगवून त्यांत गोंयकार प्रेक्षक बसवले. नाटक सुरू व्हायच्या आधीच तिथे गर्दी जमलेली असते.

दिल्लीच्या कामात कोरिया यांनी इमारतीच्या लांबीतून एक सरळ अक्ष काढला आणि त्यावर भारतात एकावर एक साचलेल्या तीन विश्वदृष्टी मांडल्या. अगदी टोकाला हिंदू परंपरेतला बिंदू, तिथे स्टीफन कॉक्स या ब्रिटिश शिल्पकाराचं शिवाचं शिल्प. मध्ये इस्लामी परंपरेतली चारबाग, चार भागांत विभागलेली बाग. अलीकडे, प्रवेशाजवळ, युरोपातल्या विवेकयुगाची खूण, संगमरवर आणि ग्रॅनाइटच्या जडावात. आणि या सगळ्याच्या पुढे, रस्त्याच्या तोंडावर, हॉजकिनचा वड.

मला ही मांडणी जरा जास्तच सुबक वाटते. इतिहास असा एका रेषेत शिस्तीने उभा राहत नाही. दिल्लीत तर नाहीच. ब्रिटिशांनी या देशात जे केलं त्याला ‘विवेकयुग’ हे नाव देऊन मोकळं होता येत नाही. पण या आरेखनात एक जागा अशी आहे जिथे मांडणीचा हिशेब लागू होत नाही, आणि ती म्हणजे पुढची भिंत. वडाची सावली कोणत्याही धर्माची नाही, शतकाची नाही. तिच्याखाली बसायला कुणाची परवानगी लागत नाही. कोरियांच्या तीन खुणा माणसाला काहीतरी शिकवायला जातात. हॉजकिनचं झाड नुसतं उभं राहतं. संपूर्ण इमारतीत मला तेच सर्वांत शहाणं वाटतं.

एक गोष्ट पुणेकरांसाठी. याच वर्षांत कोरिया पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेची इमारत बांधत होते. तिथल्या भिंतींत खाली काळा पाषाण, त्यावर त्याहून काळा कडप्पा आणि वर आकाश दाखवणारा चकचकीत ग्रॅनाइट आहे. खालून वर काळेपणा वाढत जातो आणि शेवटी तो आकाशात मिसळतो. म्हणजे काळा दगड हा त्या वेळी कोरियांच्या हातात घोळणारा विषय होता. दिल्लीचं झाड पाहून आलेल्याने आयुकात जाऊन उभं राहावं. एकाच दगडाकडून दोन वेगळी कामं करून घेतलेली दिसतील.

रंग काढून घेतल्यावर

आता पहिला प्रश्न. रंग का नाही?

एक उत्तर साधं आहे. दिल्लीच्या उन्हात, धुळीत आणि पावसात उघड्या भिंतीवर रंग टिकत नाही. दगड टिकतो. दगडातही रंगीत छटा मिळतात, मुघलांनी तर फुलंच्या फुलं जडवली. पण त्या दिशेने गेलं असतं तर भिंत दागिन्यासारखी दिसली असती, आणि दिल्लीत ताजमहालाची नक्कल करणाऱ्या भिंती कमी नाहीत.

दुसरं उत्तर चित्राच्या आतलं आहे. झाडाखाली उन्हात उभे राहा आणि खाली पाहा. पानांच्या सावलीत हिरवा रंग नसतो. ऊन आणि सावली, एवढंच असतं. कडाक्याच्या उन्हात डोळे बारीक केल्यावर बाकी सगळे रंग पांढऱ्यात आणि काळ्यात गोळा होतात. उत्तरेतला मे महिना ज्याने भोगला आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. हॉजकिन १९६४ साली पहिल्यांदा भारतात आला, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातले रॉबर्ट स्केल्टन यांच्याबरोबर, आणि नंतर येतच राहिला. भिंतीचं काम आलं तोवर पाव शतकाचं इथलं ऊन त्याच्या डोळ्यांत साठलं होतं. लंडनमध्ये बसून भारताची आठवण काढताना तो रंग वापरायचा. भारतातच, उघड्यावर, भारताबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा त्याने ऊन आणि सावली निवडली. मला ही निवड फार प्रामाणिक वाटते.

रंग काढून घेतल्यावर त्याच्याकडे काय उरतं हेही त्यामुळे उघड झालं. उरला तो रुंद, वळणदार फटकारा. उरली कड. उरला पांढऱ्याला मागे ढकलून पुढे येणारा काळा आकार, आणि उरला आडोसा. इथे आडोशामागे कुणाचं जेवण किंवा कुणाचा निरोप नाही. भिंतीतल्या मोकळ्या जागांमधून आतली इमारत दिसते, माणसं आत-बाहेर करतात. फळीवरचा आडोसा दोन माणसांना झाकायचा. दिल्लीत तो रोज येणाऱ्या-जाणाऱ्या शेकडो अनोळखी लोकांना क्षणभर आपल्याखाली घेतो.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. न बदलता येणारं चित्र त्याने कसं केलं?

त्याचं उत्तर मला अहमदाबादेत सापडतं. १९७८ साली साराभाई कुटुंबाच्या पाहुणचारात असताना हॉजकिनने ‘इंडियन लीव्ह्‌ज’ ही मालिका केली. हातकागदाचा ओला ताव समोर आणि हाताशी कापड रंगवायचे रंग. ओल्या कागदावर रंग पडला की तो आत शिरतो, पसरतो आणि तिथेच राहतो. खोडता येत नाही, वर थर चढवून झाकता येत नाही. स्टुडिओत एका चित्राला पाच वर्षं लावणारा माणूस इथे काही क्षणांत निर्णय घेत होता. झाड, वादळ, आकाश, असे साधे विषय. त्याच्या सगळ्या कामात ही मालिका मला सर्वांत मोकळी वाटते.

म्हणजे हॉजकिनच्या अंगात दोन वेग होते. एक लंडनचा, झाकून ठेवायचा, वर्षानुवर्षं मुरवायचा. दुसरा भारतातला, एकदाच आणि ठाम. दिल्लीच्या भिंतीत हा दुसरा वेग दगडात उतरला. पण मुरवणं तिथेही झालंच होतं, फक्त ते फळीवर न होता माणसाच्या आत झालं होतं, पंचवीस-तीस वर्षं.

दगडात उतरवण्याचं काम मात्र हॉजकिनच्या हातचं नव्हतं. हे नीट सांगायला हवं, कारण चित्रकलेवर लिहिताना आपण ते पटकन ओलांडून जातो. ब्रशचा फटकारा एका दमात होतो. त्याची सुरुवात जाड असते, मध्ये वेग असतो, शेवटी रंग संपत आलेला असतो. हेच वळण दगडात आणायचं म्हणजे काळा आणि पांढरा, दोन्ही दगड एकाच रेषेवर कापायचे, कडा घासून एकमेकींत अशा बसवायच्या की सांधा डोळ्याला खुपू नये, आणि हे शेकडो तुकड्यांत करायचं. कडप्पा पाटांत फुटतो, त्याची धार सहज निखळते. संगमरवर वेगळ्या स्वभावाचा. दोन स्वभावांच्या दगडांना एकाच वळणावर राजी करायचं हे कारागिराचं काम आहे. भिंतीवरचं वळण आजही सैल पडलेलं दिसत नाही, याचं अर्धं श्रेय त्या हातांना आहे. ही भिंत हॉजकिनची म्हणून ओळखली जाते. मी तिला हॉजकिनची आणि पाथरवटांची म्हणेन.

चित्रकाराच्या मनातला फटकारा आणि दगडातला फटकारा यांत फरक पडतोच. दगडात वेग थांबतो. जवळून पाहिलं तर सांध्यांच्या सरळ रेषा वळणाला ठिकठिकाणी कापत जातात, आणि जी गोष्ट एका श्वासात झाल्यासारखी दुरून दिसते ती जवळून तुकड्यातुकड्यांनी जोडलेली दिसते. काहींना हा दोष वाटेल. मला यात वडाचा स्वभाव दिसतो. वडसुद्धा एका खोडाचा नसतो. पारंब्या खाली येतात, रुजतात, खोड होतात, आणि शंभर वर्षांनी पाहणाऱ्याला तो एकच वृक्ष वाटतो.

‘अमूर्त’ या शब्दाचं काय करायचं

हॉजकिनला अमूर्त चित्रकार म्हटलेलं आवडत नसे. आपण वस्तूंच्या दिसण्याचे चित्रकार नसून भावनेने भारलेल्या प्रसंगांचे चित्रकार आहोत आणि ते प्रसंग आपण प्रत्यक्षच चितारतो, अशी त्याची भूमिका होती. प्रत्येक चित्राला नाव होतं, नावामागे जागा होती, माणूस होता. तरीही जगभरची पुस्तकं आणि संग्रहालयं त्याला अमूर्तवाल्यांच्या रांगेत बसवत राहिली.

मराठी वाचकाला इथे चित्रकार वासुदेव गायतोंडे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. नागपूरला जन्मलेले, जे. जे. मध्ये शिकलेले, १९७२ पासून दिल्लीत स्थायिक झालेले गायतोंडे. त्यांनाही ‘अमूर्त’ हा शब्द मान्य नव्हता. आपल्या चित्रात वस्तूच नाही, असं ते म्हणत. दोघांनी एकच शब्द नाकारला, पण दोन विरुद्ध बाजूंनी. हॉजकिनचं म्हणणं, माझ्या चित्रात विषय आहे, तो तुम्हाला दिसत नाही एवढंच. गायतोंड्यांचं म्हणणं, विषय शोधूच नका. १९९२ साली कस्तुरबा गांधी मार्गावरची भिंत उभी राहिली तेव्हा गायतोंडे त्याच शहरात राहत होते. या योगायोगापाशी माझं मन पुन्हापुन्हा जातं.

या वादात मी हॉजकिनच्या बाजूने आहे आणि दिल्लीची भिंत हा माझा पुरावा आहे. ज्याने चित्रकलेचं एक अक्षर वाचलेलं नाही असा माणूसही त्या भिंतीकडे पाहून झाड म्हणतो. त्याला कुणी सांगावं लागत नाही. तरी त्यात वडाचं एकही पान वडाच्या पानासारखं नाही. ओळख पटते ती आकारावरून नाही, त्याखाली उभं राहिल्याच्या आठवणीवरून. गावाकडचा पार, एसटीची वाट पाहताना मिळालेली सावली, दुपारी तिथे झोपलेली माणसं, या सगळ्यातून ती ओळख येते. त्याची फळीवरची चित्रंही याच रीतीने बोलतात, पण तिथे आठवण त्याची एकट्याची असते, म्हणून आपण बाहेर राहतो आणि त्याला अमूर्त म्हणून मोकळे होतो. दिल्लीत त्याने आपल्या सगळ्यांकडे असलेली आठवण निवडली, आणि तो शब्द गळून पडला.

याची एक किंमतही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. त्याच्या फळ्यांवर जे ओलं, अवघडलेलं, थोडं लाजिरवाणं असं काहीतरी असतं, प्रेमाचं आणि शरीराचं, ते भिंतीवर नाही. हॉजकिनने चाळिशी ओलांडल्यावर लग्नाचं घर सोडून पुरुषांवरचं आपलं प्रेम उघडपणे स्वीकारलं, आणि त्या वर्षांतली चित्रं त्या धगीने तापलेली आहेत. खक्करांच्या मैत्रीलाही या संदर्भात वेगळं मोल आहे. सरकारी पैशाने चालणाऱ्या संस्थेच्या दर्शनी भिंतीवर ती धग आणता आली नसती. भिंत शांत आहे, उदार आहे, पण ‘लव्हर्स’समोर उभं राहिल्यावर घशाशी जे येतं ते इथे येत नाही. मोठी जागा मिळाली की काहीतरी मागे ठेवावं लागतं.

नंतर

भिंतीनंतर हॉजकिन पंचवीस वर्षं जगला. चित्रं मोठी होत गेली, मग शेवटी पुन्हा लहान. उतारवयात फटकारे कमी झाले, पुष्कळ लाकूड तसंच उघडं राहू लागलं. कधी दोन-तीन फटकाऱ्यांत चित्र संपायचं. मला यात अहमदाबादचा ओला कागद आणि दिल्लीचा दगड दोन्ही दिसतात. तो झाकायचा कमी झाला, ठामपणे मांडून थांबायला लागला. अमेरिकी नृत्यरचनाकार मार्क मॉरिस याच्यासाठी त्याने २००२ साली एका नृत्याचं नेपथ्य केलं, त्या नृत्याचं नाव होतं ‘कोलम’. दाराशी काढायच्या दाक्षिणात्य रांगोळीचं नाव.

त्याच्या भारतीय चित्रसंग्रहाचं २०१२ साली ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात मोठं प्रदर्शन झालं. मृत्यूनंतर त्यातली ऐंशीहून अधिक चित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने घेतली. विजापूर-गोवळकोंड्यापासून कांगड्यापर्यंतच्या चित्रांचा असा संच आपल्याकडच्या एखाद्या संग्रहालयात यावा असं मला फार वाटतं. तो आता पाहायला आपल्याला अटलांटिक ओलांडावा लागतो.

हिवाळ्यात तो मुंबईला यायचा आणि इथे चित्रं काढायचा. शेवटचा हिवाळाही, व्हीलचेअरवर असूनही, त्याने मुंबईतच घालवला. तिथून परत गेल्यावर ९ मार्च २०१७ रोजी लंडनमध्ये त्याचं निधन झालं. दोनच आठवड्यांनी लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत त्याच्या व्यक्तिचित्रांचं प्रदर्शन उघडलं. चेहरे जवळजवळ नसलेली ती व्यक्तिचित्रं. जुलैत वेकफील्डच्या हेपवर्थ संग्रहालयात त्याच्या भारतविषयक चित्रांचं प्रदर्शन लागलं. पन्नास वर्षांतल्या भारताच्या आठवणी, फळ्यांवरच्या आणि चौकटींवर सांडलेल्या, तिथे पहिल्यांदा एकत्र मांडल्या गेल्या. भिंत अर्थातच नेता आली नाही. ती कस्तुरबा गांधी मार्गावर उन्हात उभी होती, आणि तिच्याखालून माणसं ग्रंथालयात जात होती.